पानी देऊ का तुले?

बरेच वीकेंड इथे धूळ साचली होती. ऑफिसात रिलीज होता हे एक कारण. खरं कारण असं की जे लिहायचं होतं त्यात चूक माझीच होती, आणि स्वतःची चूक लिहायची म्हटलं की रविवार फार लवकर संपतो. आज बसलोय. जरा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा. (आणि हो, ताईला विचारून लिहितोय.)

तर आमचे भाचेराव. ताईचा मुलगा, आता साडेचार वर्षांचा. ताई-दाजी पुण्यात, मीही पुण्यात, आणि मूळ घर भडगावला, जळगाव जिल्ह्यात, गिरणेच्या काठी. घरी माय असते. माय म्हणजे आमची आई. आम्ही भावंडं तिला मायच म्हणतो, आणि तिची भाषा अहिराणी.

भाचेराव दीड वर्षांचे झाले तरी एक शब्द नाही. घरात कुणाला फार काळजी नव्हती. "मुलगे उशिराच बोलतात." "त्याचा बाप तरी कुठे चार वर्षांपर्यंत बोलला होता?" "दोघं नोकरीवर, मग पोराशी बोलणार कोण?" हे शेवटचं वाक्य ताईला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात. मीही कुठल्यातरी थोर शास्त्रज्ञाचं उदाहरण देऊन मोकळा झालो होतो.

शब्दांच्या आधीची एक गोष्ट नव्हती, ती मात्र आमच्यापैकी कुणालाच दिसली नाही. तो बोट दाखवायचा नाही. बिस्किट हवं असलं की माझं मनगट धरायचा आणि हात उचलून डब्यावर नेऊन ठेवायचा, जणू मी स्वयंपाकघरातली सांडशी आहे. आम्ही म्हणायचो, काय हुशार आहे बघा!

नंतर वाचल्यावर कळलं की मूल दोन कारणांनी बोट दाखवतं. एक, 'ते मला दे'. दुसरं, 'ते बघ!' दुसऱ्यात मागायचं काहीच नसतं. कुत्रं दिसलं, विमान दिसलं की बोट जातं आणि लगेच नजर आपल्या तोंडाकडे वळते, आपण पाहिलं की नाही ते बघायला. पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे हे सुरू होतं. आई म्हणते, "हो रे, भूभू!" आणि शब्द वस्तूला चिकटतो. दोघांची नजर त्या क्षणी एकाच जागी असते म्हणून चिकटतो. ऑटिझममध्ये बहुतेकदा ही नजरेची जोडणीच उशिरा किंवा वेगळ्या वाटेने होते, शब्दांचा प्रश्न त्यानंतरचा. १९९२ मध्ये इंग्लंडात सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड वर्षाच्या मुलांसाठी एक चाचणी तपासून पाहिली. तिचा मुख्य भर शब्दांवर नव्हता. बोट दाखवणं, दुसऱ्याच्या नजरेमागे नजर नेणं आणि खोटा-खोटा चहा पिण्यासारखे खेळ, यांवर होता. आम्ही मात्र 'आई' आणि 'बाबा' मोजत बसलो होतो.

सव्वादोन वर्षांचा असताना एकदाची तपासणी झाली. आधी कानाची (ती आधीच करायची असते, आणि कान ठणठणीत निघाले), मग बाकीची. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. हा मुलगा स्वतःत मग्न नाही. तो पंख्यात मग्न असतो, नळाच्या थेंबात मग्न असतो. असो.

आता माझी चूक.

उपचार सुरू झाले तेव्हा एका ठिकाणी (नाव नको) सांगितलं गेलं, घरात भाषा एकच ठेवा, दोन-तीन भाषांनी मूल गोंधळतं. मला हे लगेच पटलं. मशीनला मेमरी कमी पडतेय ना, मग मागे चालणारे फालतू प्रोग्राम बंद करा! इंजिनियरला याहून सोपं काय सांगणार? मी त्याच रात्री एक पान टाइप केलं, प्रिंट काढली आणि ताईच्या फ्रीजवर चिकटवली. नियम क्रमांक १: घरात फक्त प्रमाण मराठी.

गंमत बघा. डे-केअरमध्ये इंग्रजी होतंच, ते कुणी बंद करणार नव्हतं. सोसायटीत हिंदी, तेही चालूच. त्या नियमाने गप्प बसू शकणारं घरात एकच माणूस होतं. माय. नातवाला सांभाळायला तीन महिन्यांसाठी पुण्यात आली होती.

मायला न बोलता राहता येत नाही. ती पातेल्याशी बोलते, उतू जाणाऱ्या दुधाशी बोलते. तिने बिचारीने प्रयत्न केला. "बाळा, इकडे ये. हे बघ, हा चेंडू आहे." बालभारतीचा धडा वाचल्यासारखं. दोन वाक्यं झाली की थांबायची, तिसरं जुळवायला लागायची, तोपर्यंत भाचेराव पंख्याकडे निघून गेलेले असायचे. हळूहळू ती बोलेनाशी झाली. त्याला मांडीवर घेऊन नुसती डुलत बसायची. एकदा मला हळूच म्हणाली, "मन्ही बोली बाधस का रे त्याले?" माझी बोली त्याला बाधते का? मी म्हटलं, "तसं नाही माय, पण थोडे दिवस." तीन महिने पुरे व्हायच्या आतच तिला गावाकडे गव्हाची कामं आठवली.

शाळेत आम्हाला बहिणाबाईंच्या कविता होत्या. आसोद्याच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या. त्यांची बोली आमच्या अहिराणीच्या शेजारची. कधी शाळेत न गेलेल्या बाईची भाषा म्हणून आम्ही त्यावर अभिमानाने निबंध लिहिले, मार्क घेतले. आणि घरातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या बाईला मी फ्रीजवर कागद लावून गप्प केलं.

गेल्या वर्षी आखाजीला सगळे भडगावला गेलो. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्याचं महत्त्व दिवाळीच्या बरोबरीचं. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी होते.) भाचेराव तेव्हा साडेतीन वर्षांचे. शब्द आले होते थोडे, पण मागणं नव्हतं. ऐकलेलं वाक्य तो जसंच्या तसं म्हणायचा, कधी लगेच, कधी चार दिवसांनी. 'तुझं नाव काय?' विचारलं की उत्तर 'तुझं नाव काय?' याला एकोलेलिया म्हणतात, आणि आमचा समज असा की ही पोपटपंची आहे, ती मोडायची आहे.

झोका त्याला फार आवडला. दुपारभर माय झोका देत होती. लांबून मला तिचा आवाज ऐकू येत होता, अहिराणीत, अखंड. मला बघितलं की बंद. मी काही बोललो नाही. सण होता.

संध्याकाळी तो ओट्यावर आला. माठाजवळ उभा राहिला, माठावर हात ठेवला आणि स्वच्छ म्हणाला, "पानी देऊ का तुले?"

मी धावलोच. गुडघ्यावर बसलो आणि म्हटलं, "असं नाही रे राजा. 'मला पाणी पाहिजे'. म्हण, मला... पाणी... पाहिजे." त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंड मिटलं आणि माठावरचा हात काढून निघाला. तेवढ्यात माय आतून आली, पेला भरला, त्याच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "तो पानीच मांगी राहिना ना!"

अरे, तो पाणीच मागतोय ना!

रिक्वेस्ट बरोबर आली होती. तिचा फॉरमॅट मला आवडला नाही म्हणून मी ती परत पाठवत होतो.

दिवसातून दहादा माय त्याला पाणी द्यायची आणि देताना विचारायची, 'पानी देऊ का तुले?' त्याच्या लेखी पाणी येण्याच्या आधी हे शब्द येतात. मग पाणी हवं असलं तर ते शब्द म्हणायचे. यात चूक काय आहे? 'मी' आणि 'तू' ची अदलाबदल झाली हे खरं, पण हे दोन शब्द मुळातच अवघड आहेत. टेबल कुणीही म्हटलं तरी टेबलच राहतं. 'मी' मात्र बोलणाऱ्यागणिक माणूस बदलतो.

मग मला एक जुनी गोष्ट आठवली. चप्पल दिसली की भाचेराव म्हणायचे, "चला, मी येते हं." येते! मुलगा असून. आम्ही सगळे हसायचो आणि 'येतो म्हण, येतो' करायचो. ते ताईचं वाक्य होतं, रोज सकाळी ऑफिसला निघतानाचं. क्रियापदाच्या शेवटावर मालकाचं नाव लिहिलेलं होतं आणि आम्ही ते व्याकरणाची चूक म्हणून खोडत होतो. त्याला म्हणायचं होतं, बाहेर जाऊ या. मराठीतली ही सोय इंग्रजी पुस्तकात सापडायची नाही. मुलगा 'येते' म्हणाला की समजायचं, हे वाक्य त्याने सुटे शब्द जोडून केलेलं नाही, अख्खं उचललंय. आणि कुणाकडून, तेही कळतं.

पुण्याला परत आल्यावर रात्री वाचत बसलो. (कोड वाचतो तसं, अगदी सुरुवातीपासून.) १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर लेख लिहिला, ज्यातून ऑटिझम हे निदान पुढे आलं. ११ पैकी ८ बोलत होती. ती ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणतात आणि स्वतःला 'तू' म्हणतात, हे तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं. पण हे बोलणं दुसऱ्याला काही सांगण्यासाठी नाही असं त्यांचं मत पडलं. तीन वर्षांनी, १९४६ मध्ये, त्यांनीच दुसरा लेख लिहिला. त्यातला एक मुलगा काहीही फेकायची इच्छा झाली की 'कुत्रा गॅलरीतून टाकू नकोस' अशा अर्थाचं वाक्य म्हणायचा. जवळ ना कुत्रा, ना गॅलरी. आईला विचारलं तेव्हा उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा गॅलरीतून पुन्हा पुन्हा खाली टाकायचा, आणि आई वैतागून हेच म्हणाली होती. तेव्हापासून तो त्याच वाक्याने स्वतःला आवरत होता. वाक्य निरर्थक नव्हतं, त्याची किल्ली आईकडे होती.

तरी पुढची कित्येक वर्षं कल होता तो हे बोलणं मोडून काढण्याकडेच. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी चार मुलांच्या व्हिडिओ टेप बारकाईने पाहिल्या आणि नुसत्या लगेच येणाऱ्या प्रतिध्वनीचे सात वेगवेगळे उपयोग मांडले. कधी ते मागणं असतं, कधी आपली पाळी घेणं, कधी 'हो'. 'दूध हवं?' ला 'दूध हवं?' हे उत्तर म्हणजे होकार असू शकतो.

आणि तो एक भाषेचा नियम? २०१२ मध्ये कॅनडातल्या हॅम्बली आणि फोम्बोन यांचा ७५ ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास आला. दोन भाषांच्या घरातली मुलं एका भाषेच्या घरातल्या मुलांपेक्षा भाषेत आणखी मागे पडलेली नव्हती. नंतरचे अभ्यासही त्याच बाजूचे आहेत. म्हणजे मी ज्या दिवशी ते पान टाइप केलं, त्या दिवशी हे सगळं उपलब्ध होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमध्ये 'हे कशावरून?' असं लिहिणाऱ्या मला तेव्हा एकदाही विचारावंसं वाटलं नाही, हे कशावरून?

आणखी एक गोष्ट सांगतो, ती जवळची आहे. गोव्यात संगत नावाची संस्था आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर एक चाचणी झाली, २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्रीत आली. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या, १२ बैठका. आई-मुलाच्या खेळाचा छोटा व्हिडिओ घ्यायचा आणि आईबरोबर बसून बघायचा. मूल कशाकडे बघतंय? तुम्ही त्याच्या मागे गेलात की त्याला आपल्या मागे ओढलंत? आई-वडील मुलाच्या लक्षाशी जास्त जुळवून घेऊ लागले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांनी मिळून एका गोष्टीत रमण्याचा वेळ उलट कमी भरला. पण मुलाने आपणहून सुरुवात करणं वाढलं, आणि आमच्या घरात नेमकं तेच अडलं होतं.

व्हिडिओ तर आपण सगळेच काढतो. मी माझे जुने काढून पाहिले. दोन मिनिटांत माझे २३ प्रश्न. हे काय? हा कोणता रंग? मामा कुठेय? काय म्हणायचं? मुलाने तोंड उघडायला जागाच नाही. मग ताईने आखाजीला झोक्यावर काढलेला पाहिला. माय एक वाक्य बोलते. मग थांबते. झोका जातो आणि येतो, तेवढं थांबते. तो वर पानांकडे बघतो, ती पानांबद्दल काहीतरी म्हणते. प्रश्न जवळजवळ नाहीच. अर्थात हे तिला तिच्या भाषेतच जमतं. परक्या भाषेत माणूस शब्द शोधत राहतो, मुलाकडे लक्ष राहत नाही.

आता इथे 'आजीच्या मायेने चमत्कार' अशी गोष्ट कुणी करू नये, म्हणून स्पष्ट सांगतो. माय म्हणजे उपचार नव्हे. स्पीच थेरपी चालू आहे आणि चालूच राहील. काही मुलांना बोलणं फार कमी येतं किंवा येत नाही. त्यांच्यासाठी चित्रं, खुणा, बोलणारी अॅप्स आहेत, आणि 'चित्रं दिली तर मूल बोलायचंच सोडेल' ही भीतीही खरी नाही. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी तपासलेल्या २७ जणांत अशा साधनांमुळे कुणाचंही बोलणं कमी झालं नाही, बहुतेकांचं वाढलं. आणि चार वर्षांपर्यंत वाक्य न आलेल्यांसाठी दार बंद झालं असंही नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत अशा ५३५ मुलांची माहिती तपासली, तर सुमारे ७० टक्के पुढे निदान छोटी वाक्यं बोलू लागली होती. मात्र हे आकडे सरासरीचे. तुमच्या घरातलं मूल सरासरी नसतं.

म्हणून वाट बघत बसू नका. वर्षाचं होईपर्यंत बडबड किंवा हातवारे नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एक शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडलेले नाहीत, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर आधी कान तपासा आणि मुलांच्या विकासातल्या डॉक्टरांना भेटा. गावाकडचे नातेवाईक असतील तर त्यांना हेही सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला यायचं असतं. भाषेतला उशीर आणि ऑटिझम दोन्ही त्याच्या यादीत आहेत, आणि पुढे जिल्ह्याच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायची सोय आहे. अंगणवाडीताईंना नुसतं विचारलं तरी सुरुवात होते.

आमच्या घरची बातमी: फ्रीजवरचा कागद मी स्वतः काढला. त्याचा गोंद अजून दारावर आहे, घासून जात नाही. मायला फोन करून सांगितलं, बोल आता, तुझ्याच बोलीत बोल. ती म्हणाली, "मंग आधी काय व्हयनं व्हतं?" मग आधी काय झालं होतं? याचं उत्तर मला देता आलं नाही. ती पावसाळ्यानंतर पुण्याला आली आणि तीन महिने पुरे राहिली.

भाचेराव अजून बऱ्याचदा अख्खी वाक्यंच उचलतात. पण आता ती मोडून जोडायला लागलेत. 'पानी देऊ का तुले' मधून आधी 'देऊ का' सुटं झालं, मग 'चेंडू देऊ का', 'झोका देऊ का'. सगळी मागणीच. गेल्या महिन्यात मी आजारी म्हणून त्यांच्याकडे पडून होतो. हे महाशय पेला घेऊन आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पानी देऊ का तुले?"

पेला रिकामा होता. त्याला पाणी हवं होतं की तो मला विचारत होता, कळायला मार्ग नाही. मी उठून पेला भरला. अर्धा तो प्यायला, अर्धा मी.

असो. उद्या सोमवार, सकाळी नऊला स्टँडअप आहे.